दुधाच्या दातांवरचा आळ

दात येणे हा रोग नव्हे. नखे वाढावीत, केस वाढावेत, तशीच ती शरीराची एक घडामोड आहे. तरीही या घडामोडीच्या माथी माणसाने आपल्या तान्ह्या मुलांचे इतके आजार आणि इतके मृत्यू मारले आहेत की, दातांना वाचा असती तर त्यांनी अब्रुनुकसानीचा दावाच लावला असता.

आमच्या धर्माबादेत आजही लेकराला हगवण लागली की घरातली वडीलधारी बाई प्रथम त्याच्या तोंडात बोट घालून हिरडी चाचपते. बोटाला काही टणक लागले की निदान झाले. "दात यायलेत लेकराला, दुसरं काही न्हाई." हे गाव महाराष्ट्राच्या अगदी कडेला, तेलंगणाच्या शिवेवर आहे. मराठी बोलणाऱ्या घरात हे जितक्या खात्रीने सांगितले जाते, तितक्याच खात्रीने ते शेजारच्या तेलुगू घरातही सांगितले जाते. भाषा बदलते, निदान बदलत नाही. ज्या बोटाने हे निदान होते, ते बोट सकाळपासून कोठे कोठे फिरून आलेले आहे, हे मात्र विचारण्याची पद्धत नाही.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. निजामी अमदानीतल्या एका बाळंतिणीच्या खोलीचे वर्णन करावयाचे होते, म्हणून म्हाताऱ्या बायांना विचारीत हिंडलो, आणि त्यातून या विषयाच्या नादी लागलो. आमच्या आजीला आठ मुले झाली, पाच जगली. गेलेल्या तिघांपैकी एक देवीने नेले आणि दोन "दातांनी नेली," असा तिचा हिशेब होता. त्या हिशेबात रडणे नव्हते, तक्रार नव्हती. पाऊस पडतो तसे दात येतात, आणि पुरात काही वाहून जाते तशी काही लेकरे जातात, एवढेच तिचे म्हणणे. या शांतपणाचे मला पुढे फार नवल वाटू लागले. हा समज तिने कोठून घेतला असेल?

शोध घेता घेता मी थेट वाग्भटापर्यंत गेलो. सुमारे सातव्या शतकातील त्याच्या 'अष्टांगहृदया'च्या उत्तरस्थानात बालरोगांचा विचार आहे. तेथे दात फुटणे हे मुलाच्या सर्वच रोगांचे कारण म्हणून सांगितले आहे. ज्वर आणि अतिसार यांचा तर नावानिशी उल्लेख आहे. ग्रीकांचा हिपोक्रेटिस त्याच्याही हजार वर्षे आधीचा. त्याच्या नावावर चालणाऱ्या सूत्रांतही हिरड्यांची खाज, ताप, आचके आणि जुलाब ही दात येणाऱ्या मुलांची दुखणी म्हणून मोजली आहेत. दोन दूरच्या देशांतील शहाण्या माणसांनी एकच गोष्ट पाहिली आणि एकच निष्कर्ष काढला. पाहिले ते खरे होते. चूक झाली ती निष्कर्षात.

युरोपात या चुकीला पुढे धार आली. अगदी शब्दशः धार. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रवाझ पारे नावाचा नामांकित शस्त्रवैद्य होऊन गेला. नेव्हरच्या ड्यूकचे आठ महिन्यांचे मूल वारले, तेव्हा मृत्यूचे कारण शोधण्यासाठी त्याला बोलावण्यात आले. शरीरात काही सापडेना. शेवटी त्याने मेलेल्या मुलाच्या हिरड्या चिरून पाहिल्या, तो आत दात अगदी वर यायच्या बेतात! झाले; दातांना वाट मिळाली नाही म्हणून मूल गेले, असे ठरले. आठ महिन्यांच्या कोणत्याही मुलाच्या हिरडीत त्याला तेच दिसले असते, हे त्या मोठ्या माणसाच्या ध्यानात आले नाही. तेव्हापासून हिरड्या चिरण्याची जी पद्धत बोकाळली, ती पार एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली. १८४२ सालच्या लंडनच्या मृत्युनोंदीत वर्षाच्या आतील मुलांच्या शंभर मृत्यूंपैकी जवळजवळ पाच, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या शंभरांपैकी सात, 'दात येणे' या सदराखाली मांडलेले आहेत. ही कोणा आजीबाईची जंत्री नव्हे. सरकारी कागद आहे.

पाठोपाठ औषधे आली. दात येणाऱ्या मुलांसाठी विलायतेत ज्या पुड्या घरोघर विकल्या जात, त्यांत पाऱ्याचे क्षार असत. त्या पुड्यांनी मुलांचे हातपाय लालबुंद होत, कातडी सोलून निघे, आणि काही मुले दगावत. १९५० नंतरच्या काही वर्षांत त्या बाजारातून गेल्या, आणि तो 'गुलाबी रोग'ही त्यांच्याबरोबर गेला. अमेरिकेत एका प्रसिद्ध सरबतात मॉर्फीन होते. आपण तरी मागे कशाला राहू? मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया किरकिरणाऱ्या मुलाला अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. डॉ. बार्न्स या लेडी डॉक्टरांनी १९२१-२२ च्या सुमारास या बायांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या शंभर मुलांमागे अठ्ठ्याण्णव मुलांना अफू मिळत असल्याचे आढळले. त्या आयांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. दिवसभर यंत्रापुढे उभे राहणाऱ्या बाईला झोपलेले मूल हवे होते, आणि बाजारात झोप विकत मिळत होती.

आता मूळ हिशेबाकडे वळू. तो मास्तराच्या आवाक्यातला आहे. दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, शेवटचा अडीच वर्षांच्या आसपास. म्हणजे चोवीस महिन्यांत वीस दात. सरासरीने दर पाच आठवड्यांना एक. या काळात मूल कधीही आजारी पडो, त्याच्या तोंडात एखादा दात वर येत असलेला, नुकताच आलेला किंवा येऊ घातलेला असणारच. अशा साक्षीदाराला फाशी देणे फार सोपे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा याहून मोठा प्रकार वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच असेल. हा हिशेब पुढे शास्त्रीय रीतीनेही पडताळला गेला. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे सव्वाशे मुलांच्या आईबापांनी रोज दोन वेळा मुलाची उष्णता मोजली आणि दात, शौच, झोप, सारे टिपून ठेवले. २००० साली ही पाहणी छापली गेली. लाळ गळणे, चावण्याची ओढ, हिरड्या चोळणे, किरकिर, या गोष्टींचा दातांशी संबंध लागला. मोठा ताप, उलटी आणि जुलाब यांचा लागला नाही.

मग चोर कोण? त्यासाठी सहाव्या महिन्यात आणखी काय काय होते ते पाहिले पाहिजे. आईच्या पोटातून आणलेली रोगप्रतिकाराची शिदोरी याच सुमारास संपत येते. अंगावरच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू होते. मामाच्या मांडीवर उष्टावण होते. मूल बसू लागते, मग रांगू लागते. आणि त्याला जगाची चौकशी करावयाची असते. आपण वस्तू हातात घेऊन पाहतो. ते तोंडात घालून पाहते. जीभ हाच त्याचा डोळा आणि हिरडी हाच त्याचा हात. खुळखुळा, किल्ली, चप्पल, आजोबांची काठी, केरसुणीची काडी, खाटेचा पाय, कोंबडीच्या पाठोपाठ उचललेले काहीतरी. गोकुळातल्या कृष्णानेही माती खाल्ली. यशोदेला तोंडात विश्व दिसले. आमच्या ओसरीवरच्या मातीत काय काय असते ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो.

चरकाच्या दृष्टीतून हे तोंड निसटले नव्हते, हे सांगितले पाहिजे. शारीरस्थानात मुलाची खेळणी कशी असावीत ते त्याने सांगितले आहे: रंगीत, वाजणारी, हलकी, टोक नसलेली, भीती न घालणारी, आणि तोंडात जाऊ न शकणारी. मुलाचे अंथरूण पांघरूण स्वच्छ धुऊन, धुरी देऊन वापरावे, असेही तो म्हणतो. त्याला धास्ती होती ती वस्तू घशात अडकण्याची. वस्तूवर बसून येणाऱ्या पाहुण्याची कल्पना त्याला असण्याचे कारण नव्हते. तरी दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने खेळण्याची गोष्ट तोंडाशी आणून ठेवली होती. पुढच्यांनी ती तेथून उचलून दातांकडे नेली.

आपल्या घरांतून स्वच्छतेचे नियम थोडे का होते? सोवळे, ओवळे, पारोसे, उष्टे, खरकटे. शब्दच मोजायला बसावे! पण एक गंमत पाहा. या साऱ्या नियमांतून लहान मूल वगळलेले होते. गौतमाच्या धर्मसूत्रात उपनयनापूर्वी मुलाने वाटेल तसे वागावे, बोलावे आणि वाटेल ते खावे, अशी मोकळीक दिली आहे. मायेचाच नियम तो. परंतु जो जीव दिवसभर भुईवर असतो आणि भुईवरचे सर्व काही तोंडात घालतो, नेमका त्यालाच नियमाबाहेर ठेवले गेले. शिवाय सोवळ्याची नजर माणसांवर होती. कोणाची सावली पडली याचा विचार जितका झाला, तितका माशी कोठून उठून आली याचा झाला नाही. सहाणेवर गुटी उगाळून चाटवताना वेखंड किती वळसे आणि हळकुंड किती वळसे, हे आजीला तोंडपाठ असे. सहाण उकळत्या पाण्याने धुवावी, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. बोंडल्याने दूध पाजीत, ते निदान उघडे भांडे. राखेने घासले की निघे. पुढे आलेल्या काचेच्या बाटलीच्या बुचात आणि रबरी बोंडात जे साचे, ते निघणे कठीण. १९९२ साली बाटल्यांच्या आणि डब्यातल्या दुधाच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा आपल्याकडे झाला, त्यामागे हेही एक दुखणे होते.

जंतूंचा शोध लागल्यावर प्रकाश पडू लागला, पण तोही हळूहळू. टेओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने म्युनिकमध्ये तान्ह्या मुलांच्या शौचाची तपासणी केली आणि १८८६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. जन्मल्यानंतरच्या पहिल्या शौचात त्याला जंतू दिसले नाहीत. पण काही तासांतच ते दिसू लागत. म्हणजे जंतूंची आणि मुलाची गाठ पडणे हा अपघात नव्हे; जगात येण्याचाच तो भाग आहे. त्याला सापडलेल्या एका जंतूला पुढे त्याचेच नाव मिळाले. तो बहुधा निरुपद्रवी. पण त्याच्याच काही जाती तान्ह्या मुलांना मारक हगवण लावतात, हे १९४५ साली लंडनजवळ जॉन ब्रे यांनी दाखविले. मूल जंतूंपासून सर्वस्वी दूर ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. कोणते जंतू आणि किती, एवढाच प्रश्न.

आमच्या धर्माबादहून निजामाबादमार्गे आगगाडीने सिकंदराबादला जाता येते. त्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. तोवर हिवतापाचा आळ दलदलीच्या हवेवर होता. त्याच्या पाश्चात्य नावाचा अर्थच मुळी 'वाईट हवा' असा आहे. हवेची सुटका झाली. दातांच्या सुटकेसाठी मात्र असा एखादा दिवस, एखादा रॉस सांगता येत नाही. ती तुकड्यातुकड्यांनी झाली. त्यातला एक महत्त्वाचा तुकडा पंजाबातला. लुधियाना जिल्ह्यात खन्ना गावाच्या परिसरात १९५० नंतरच्या दशकात मोठी लोकसंख्या पाहणी चालली होती. तिच्यातून गॉर्डन, चितकारा आणि वायन यांनी १९६३ साली एक निबंध लिहिला. दूध तुटण्याच्या काळात वरच्या अन्नाबरोबर येणारी हगवण हा एक स्वतंत्र प्रकार आहे, असे त्यांनी मांडले. वय तेच, मूल तेच. फक्त बोट दातावरून उचलून वाटीवर ठेवले गेले.

वाटीवरून ते भुईवर यायला आणखी पन्नास वर्षे लागली. झिंबाब्वेच्या खेड्यांत संशोधक तेवीस मुलांजवळ सहा सहा तास नुसते बसून राहिले. मूल काय काय तोंडात घालते ते त्यांनी मांडून ठेवले, आणि त्या वस्तू तपासल्या. मुले माती खात होती. काही तर कोंबडीची विष्ठाही. पिण्याच्या पाण्यापेक्षा अंगणातून पोटात जाणारी घाण जास्त होती. २०१३ साली हे प्रसिद्ध झाले. तोवर जगभर विहिरी, नळ आणि गाळण्या यांची चिंता वाहिली जात होती. बसून पाहण्याचे कोणाला सुचले नव्हते. घरातल्या बायांना हे सारे रोज दिसत होते, पण त्यांना कोणी विचारीत नव्हते.

यात आमच्या नांदेड जिल्ह्याचाही एक अर्धवट राहिलेला अध्याय आहे. गाडगेबाबांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान महाराष्ट्रात २००० च्या सुमारास सुरू झाले. त्यानंतर २००४ साली शासनाने एका प्रयोगाची आखणी केली. तीन जिल्हे निवडले: अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नंदुरबार आणि नांदेड. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावे निवडावयाची. काहींत शौचालयांची मोहीम चालवावयाची, बाकीच्यांशी तुलना करावयाची. मोहीम झाली ती नगरात. तेथील मोहिमेच्या गावांतली लहान मुले पुढे मोजली, तेव्हा ती इतर गावांतल्या मुलांपेक्षा सेंटिमीटरभर उंच भरली. शौचालयाची पायरीही न चढलेल्या मुलांची उंची वाढावी हे नवलच. पण गावाबाहेरची घाण पायांना, चाकांना, माश्यांना चिकटून ओसरीवर येते आणि तेथून लेकराच्या मुठीत जाते, हे एकदा मान्य केले की नवल उरत नाही. नंदुरबारात आणि आमच्या नांदेडात तो प्रयोग कागदावरच राहिला, आणि फरकही दिसला नाही. मी पहिलीच्या वर्गात नवी मुले ओळीने उभी करतो, तेव्हा तो हुकलेला सेंटिमीटर मला आठवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी पस्तीस वयाच्या मानाने खुजी निघाली.

असे असले तरी साबण, शौचालय आणि शुद्ध पाणी दिले की झाले, असे समजण्याचे कारण नाही. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे येथे मोठे प्रयोग झाले. २०१८-१९ मध्ये त्यांचे निकाल आले. बांगलादेशात हगवण कमी झाली. पण उंची कोठेच वाढली नाही. घाण इतक्या वाटांनी येते की, दोनतीन वाटा बंद करून भागत नाही. नगरच्या निकालाशी हे कसे जुळवावे यावर विद्वानांचे वाद चालू आहेत. मास्तराने त्यात पडू नये.

आमच्या गावचा मिरचीचा बाजार दूरवर माहीत आहे. हंगामात लाल मिरचीचे ढीग पडतात आणि बाया देठ खुडायला बसतात. लेकरू शेजारीच, पोत्यावर. त्याने मिरची तोंडात घालू नये म्हणून आई डोळ्यांत तेल घालून जपते, कारण मिरची तत्काळ बोलते. त्याच पोत्याचा कोपरा मात्र ते तासभर चोखीत असते. पोते तत्काळ बोलत नाही. ते बोलते एकदोन दिवसांनी, आणि तोवर साक्षीला दात उभा असतो. दोन हजार वर्षांची चूक एवढ्याशा उशिरातून झाली, असे मला वाटते. वाग्भटाच्या किंवा आमच्या आजीच्या बुद्धीला मी कमी लेखीत नाही.

या चुकीची किंमत मात्र दातांनी दिली नाही. दात आले की ही दुखणी आपोआप शमतात, तेव्हा मुलाला औषधपाण्याने फार जाचू नये, असे वाग्भटाने सांगून ठेवले होते. सल्ला सौम्य आणि बऱ्याच अंशी शहाणपणाचा. पण घरोघर त्याचा अर्थ 'वाट पाहा' असा झाला. त्यातच, पोट सुटले आहे तर पाणी तोडा, ही आणखी एक समजूत. आमच्या आजीनेही पाणी तोडले होते. हगवणीत मूल मरते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातील निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपेच्या पिंपे भरली आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. शंभरांत तीसच्या घरात असलेले मृत्यू चारांच्याही खाली आले. जे तोडावयाचे म्हणून सांगितले जाई, तेच पाजावयाचे होते.

दोन वर्षांखालील मुलांना मारक हगवण लावणारा सर्वांत मोठा गुन्हेगार सापडला तो १९७३ साली, मेलबर्नमध्ये; रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. चाकासारखा दिसतो म्हणून त्याचे नाव रोटाव्हायरस. तो खेळण्यांवर, हातांवर पुष्कळ वेळ टिकतो आणि लख्ख घरातल्या मुलांनाही सोडीत नाही. त्याच्यावरची आपल्याकडची लस निघाली ती दिल्लीच्या इस्पितळात जन्मलेल्या काही तान्ह्या मुलांमुळे. त्यांच्या पोटात हा विषाणू होता आणि तरी ती ठणठणीत होती. १९८० नंतरच्या दशकात डॉ. महाराज किशन भान यांनी तो धागा पकडला. हैदराबादेत लस तयार झाली. २०१६ पासून ती सरकारी कार्यक्रमात आली आणि २०१९ साली महाराष्ट्रात पोचली. तिला सुई नाही. ती तोंडावाटेच देतात. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. म्हणजे सहसा पहिला दात दिसण्यापूर्वीच.

लसीकरणाच्या दिवशी आमच्या आळीतल्या आज्या नातवंडे काखेला मारून निघतात. कोठे निघालात म्हणून विचारले तर सांगतात, "दाताचा डोस द्यायलेत, सर." मी एकदोनदा समजावून पाहिले. आता विचारतो ते एवढेच, की तिन्ही डोस झाले का.